चेंबरचं म्युझिक

मलकापुरात ‘चेंबर’ या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. एक चेंबर रस्त्यात असतो. त्याचं झाकण चोरीला जातं आणि पावसाळ्यात त्यात कोणीतरी पडतं. दुसरा चेंबर म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना. तिला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि जागा उरेल तितके सल्लागार असतात. जगात या शब्दाला तिसराही अर्थ आहे आणि तो मला माहीत होता. पण तो फक्त मलाच माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

हा तिसरा अर्थ मला माझ्या भाचीने शिकवला. मोठा वाद्यवृंद नाही, पुढे उभं राहून हात हलवणारा कोणी नाही. तीन-चार वादक एका खोलीत जवळजवळ बसतात, एकमेकांकडे बघत वाजवतात, आणि समोर खोलीत मावतील तेवढेच लोक ऐकतात. याला चेंबर म्युझिक म्हणतात. भाचीच्या गटात चौघं आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, आणि गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा एक मोठा चेलो. भाची व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा जरा थोराड भाऊ, आवाजाने जाड. तिच्या भाषेत सांगायचं तर, “आत्या, वरचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, खालचा छातीत जाणवतो, आणि मधला मी. मी वाजवते हे फक्त मलाच कळतं.”

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. दादाची रोहिणखेडला शेती आहे आणि मलकापुरात बियाणं, खतं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान. पोरगी पाचवीपासून नागपूरला मामाकडे वाढली. तिथल्या शाळेतल्या एका बाईंनी तिच्या हातात व्हायोलिन दिलं. पुढे ती मुंबईला गेली, व्हायोलिनचा व्हायोला झाला आणि आता ती त्याच्यावरच जगते. माझ्या वहिनीला याचा फार अभिमान होता. वहिनी गेली त्याला आता काही वर्षं झाली. दादालाही सगळं नीट ठाऊक आहे. पण गावात तो सांगतो, “पोरगी मुंबईले बँकेत हाय.”

ही बँक कशी निघाली ते सांगते. एकदा दुकानात कोणा गिऱ्हाइकाने विचारलं, पोरगी काय करते? वहिनी तिथेच बसली होती, मीही होते. ती सरळ बाई, म्हणाली, “वाजवते. चौघांचा बँड आहे त्यांचा.” गिऱ्हाइकाचे डोळे मोठे झाले. झालरीची टोपी घालून आमची पोरगी नवरदेवाच्या घोड्यापुढे चालली आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांत मला तरी स्पष्ट दिसलं. “बँडात?” तो म्हणाला. दादा गल्ल्यावरून ओरडला, “बँकेत, बँकेत! बँकेत हाय म्हन्ते ते.” एक अक्षर बदललं आणि घराण्याची अब्रू वाचली. बँडवाल्यांमध्ये वाईट काही नाही. पण लग्नात त्यांना सगळ्यात शेवटी जेवायला वाढतात, आणि दादाला पंगतीतल्या जागेचं फार. तेव्हापासून ती बँक चालू आहे. मागच्या दिवाळीत दादाने पोरीला परस्पर मॅनेजरही करून टाकलं.

गावात दोन-चार जणांना खरं माहीत होतंच. पण आमच्याकडे माहीत असणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय कोणी काही म्हणत नाही. दादा बँक म्हणाला की सगळे मान डोलावतात आणि व्याजदर विचारतात.

मग एक दिवस भाचीचा मला फोन आला. “आत्या, आम्ही नागपूरला वाजवून परत येतोय. वाटेत मलकापूरला उतरतो. एक कार्यक्रम करू.”

“इथे? कोणासाठी?”

“बाबांसाठी,” ती म्हणाली. “त्यांना नाही आवडलं तरी चालेल. त्यांनी फक्त एकदा चार लोकांत म्हणावं, ही माझी मुलगी, ही हे वाजवते. एवढंच. मला त्या बँकेत आता नोकरी होत नाही गं.”

ती हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. गावात सगळे मला मॅडम म्हणतात, आणि त्या शब्दाचा वापर कधी नव्हे तो करायचा, असं मी ठरवलं. एक बरीशी खोली मिळाली की झालं. शाळेत परीक्षा होत्या. वाचनालयाची खोली मिळत होती, पण तिच्यात निम्मी जागा जुन्या खुर्च्यांनी अडवली होती आणि त्या हलवायच्या तर ठराव पास करावा लागतो म्हणे. शेवटी मी चेंबरच्या अध्यक्षांकडे गेले. दादा त्या चेंबरचा सचिव, पण त्याला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. मी एक चार ओळींचा अर्ज लिहून नेला. त्यात ‘चेंबर म्युझिकचा कार्यक्रम’ असे शब्द होते.

अध्यक्षांची कापसाची जिनिंग आहे, पेट्रोलपंप आहे आणि मिशा आहेत. त्यांनी चष्मा चढवला, वाचलं आणि टेबलावर थाप मारली.

“चेंबर म्युझिक! वा! मॅडम, हे तुमी लई बेस केलं. डॉक्टर लोकाईचा ऑर्केस्ट्रा हाय, वकील लोकाईचं नाटक हाय, मंग आपल्या चेंबरचं म्युझिक काऊन नाई? मी कवापासून म्हनून राह्यलो.”

“तसं नाही साहेब,” मी म्हटलं. “यातला चेंबर म्हणजे खोली.”

“हाव, आपली मिटिंगची खोली हायच ना! पन ते लहान पडन. आपन मंगल कार्यालयात घेऊ. चेंबरचा कार्यक्रम हाय, घरचा थोडीच हाय!”

मी आणखी दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला. मराठी शिकवण्यात माझी उभी हयात गेली, पण ज्या माणसाला एका शब्दात स्वतःचं नाव दिसलं आहे, त्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ शिकवणं मला जमलेलं नाही.

संध्याकाळी दादा माझ्या घरी आला. उंबऱ्यातच थांबला. “हे काय करून ठेवलं तू?”

“मी नाही. तुझ्या पोरीचं काम आहे.”

त्याने काढलेली एक चप्पल पुन्हा पायात घातली. मग म्हणाला, “ठीक हाय. येऊ दे. तयारीचं सगळं मी पाहतो. पन तू कोनाले काही सांगू नोको.”

तयारी त्याने अंगावर का घेतली, ते चार दिवसांनी स्टेशनच्या चौकात फ्लेक्स लागला तेव्हा मला कळलं. वर ठळक अक्षरांत ‘चेंबरचं म्युझिक’. खाली हात जोडलेले अध्यक्ष, त्यांच्याखाली हात जोडलेले उपाध्यक्ष, आणि मग सल्लागारांची पासपोर्ट फोटोंची रांग, राशनच्या दुकानासमोर लागते तशी. एका कोपऱ्यात गिटार, सॅक्सोफोन आणि माइक धरलेली कोणी गोरी बाई. यातलं एकही वाद्य कार्यक्रमात नव्हतं. बाईही नव्हती. वादकांबद्दल एकच ओळ होती, ‘मुंबईचे सुप्रसिद्ध कलाकार’. नावं नाहीत, फोटो नाहीत. फ्लेक्सचं प्रूफ दादाने तपासलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारच्या गाडीने ती चौघं आली. दादा सचिव म्हणून हार घेऊन फलाटावर हजर, बरोबर चेंबरचे दोघं. मीही गेले. आधी दोन व्हायोलिनवाले उतरले, मग चेलोवाला आपली अवजड पेटी सांभाळत, आणि शेवटी पाठीला व्हायोला अडकवलेली आमची पोरगी. दादा पुढे झाला.

“या, या,” तो म्हणाला. “प्रवास बरा झाला ना तुमचा?”

स्वतःच्या पोरीला ‘तुमचा’. ज्या पोरीचा शेंबूड याने पुसला, तिला! भाचीने त्याच्याकडे एक क्षण पाहिलं आणि म्हणाली, “हो, बरा झाला. तुमच्या गावात ऊन फार आहे.” तो हार त्याने पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या गळ्यात घातला. माझ्या हातात छत्री होती. ती मी तिथे का वापरली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मंगल कार्यालयात आणखी एक मौज वाट बघत होती. भाचीने मला आधीच बजावलं होतं, स्टेज नको. मधोमध चार खुर्च्या आणि भोवती लोक. मी ते निरोपात जसंच्या तसं पोचवलं होतं. प्रत्यक्षात स्टेजवर आदल्या दिवशीच्या रिसेप्शनची फुलांची कमान तशीच उभी होती, बदामाच्या आकाराची, आणि तिच्याखाली लाल मखमलीचे सोफे मांडलेले. त्या सोफ्यांवर मान्यवर बसणार. वादक त्यांच्या पुढ्यात. आमच्याकडे कार्यक्रम बघायला आलेले खाली बसतात आणि दिसायला आलेले वर. वरचे शेवटपर्यंत हलत नाहीत. गाणं असो, भाषण असो, बक्षीस समारंभ असो, कलाकाराच्या डोक्यामागे कोणीतरी जांभई देत असतंच.

पहिला व्हायोलिनवाला, केसांची शेंडी बांधलेला उंच माणूस, सोफ्यांकडे बघत म्हणाला, “ये लोग उधर ही बैठेंगे? पूरा टाइम?”

“हां जी,” दादा म्हणाला. “परंपरा है.”

आणि स्वतःसाठी त्याने अगदी कडेचा सोफा धरला. कमानीच्या खांबाआड, लोकांना कमी दिसेल असा. व्हायोलाची खुर्ची बरोबर त्याच्यापुढे आली. हातभर अंतरावर पोरीची पाठ. तोंड बघावं लागू नये म्हणूनच त्याने ती जागा निवडली असणार, असं मला वाटलं आणि त्याची मला किळस आली.

दीप पेटवला. विझला. पुन्हा पेटवला. अध्यक्ष बोलले. म्युझिक ही काळाची गरज आहे, असं म्हणून ते सरकीच्या भावावर गेले आणि तिथून परत येताना म्हणाले, “बाजारात भाव नाई तं नाई, मनात भाव पाह्यजे.” या वाक्यावर त्यांना जी टाळी मिळाली तशी पुढे संगीताला मिळाली नाही. सूत्रसंचालन विमा एजंट करत होता. गावात सगळ्या कार्यक्रमांना तोच असतो, साखरपुड्याला आणि शोकसभेला शेर तेच.

पहिली रचना गेल्या शतकातल्या एका युरोपियन संगीतकाराची होती. त्याचं नाव एजंटने तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं घेतलं. रचनेचे चार भाग. पहिला भाग सुरू झाला आणि मी सावरून बसले. लंगडत पळणारी लय, मध्येच गचका, मध्येच चौघांची एकदम झडप. चेहरा पाडून ऐकायचं हे संगीतच नव्हतं. खट्याळ होतं. लग्नात लहान पोरं पायांत येतात तसं पायांत येणारं. मागच्या रांगेतल्या बायासुद्धा बोलायच्या थांबल्या. भाग संपला. चौघांचे गज हवेत थांबले.

ही शांतता रचनेतलीच असते. त्यात टाळ्या वाजवायच्या नसतात. वादक श्वास घेतात, पान उलटतात, पुढचा भाग सुरू करतात. एजंटच्या हाताला मात्र केव्हापासून माइक चावत होता.

“वाहवा! क्या बात है! यानंतर आपण सत्काराकडे वळू या. ज्यांनी आपल्याला हे भव्य कार्यालय उपलब्ध करून दिलं...”

कार्यालयाचा मालक आला. शाल, नारळ, फोटो, दुसरा फोटो, कारण पहिल्यात अध्यक्षांचे डोळे मिटले होते. चौघं आपले गज हवेत धरून. दुसरा भाग संथ होता. तो संपला तेव्हा फ्लेक्सवाल्याचा सत्कार. तिसरा भाग संपला तेव्हा साउंडवाल्याचा, आणि त्या कार्यक्रमात साउंड लावलेलाच नव्हता. एजंटच्या माइकपुरता काय तो होता. त्या बिचाऱ्या संगीतकाराने चार भागांमध्ये तीन श्वास ठेवले होते आणि तिन्हींत आमच्या लोकांनी नारळ कोंबले.

दुसऱ्या रचनेच्या वेळी पोरं शहाणी झाली. भाची शेंडीवाल्याच्या कानात काहीतरी बोलली, आणि भाग संपला की हात खाली न घेताच त्यांनी पुढचा सुरू केला. एजंट एक पाय स्टेजवर आणि तोंड उघडं अशा अवस्थेत सापडला. सत्कारासाठी सोफ्यावरून अर्धे उठलेले उपाध्यक्ष पुन्हा बसले. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीनेच टाळी वाजवली, तीही चुकीच्या ठिकाणी.

ही रचना एका हयात बाईंची होती. तिच्यात गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडायच्या, आणि मधूनच तार इतकी ओढून सोडायची की ती लाकडावर फाडकन आपटते. पहिल्यांदा आपटली तसा कोणीतरी ओरडला, “तार तुटली बे!” मंडपवाला पक्कड घेऊन स्टेजवर धावला. भाचीने वाजवता वाजवताच मानेने नाही म्हटलं. तो तिथेच पक्कड घेऊन उभा राहिला, कारण तार पुन्हा आपटली, मग पुन्हा. शेवटी अध्यक्षच त्याला म्हणाले, “जाऊ दे, त्याईचं तसंच हाय.”

या सगळ्या वेळात मी दादाकडे बघत होते. दादा डोळे मिटून बसला होता. हात गुडघ्यांवर, हनुवटी छातीला लागलेली. मुलीच्या पाठीमागे हातभरावर, तिचं वाजवणं आयुष्यात पहिल्यांदा समोर ऐकायला मिळत असताना, हा माणूस झोपला होता. मनातल्या मनात मी त्याला जे जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. मी मराठीची शिक्षिका, माझ्याकडे शब्द बरेच आहेत.

शेवटची रचना बाकी होती, तेवढ्यात एजंट पुन्हा आला. अध्यक्षांना एका लग्नाला जायचं होतं, म्हणून कलाकारांचे सत्कार आधी उरकून घ्यायचं ठरलं. दादा जागा झाला, उठला आणि शाली-नारळाचं ताट घेऊन उभा राहिला. सचिवाचं काम तेच. शेंडीवाल्याचा सत्कार अध्यक्षांच्या हस्ते, दुसऱ्या व्हायोलिनचा उपाध्यक्षांच्या, चेलोवाल्याचा सहसचिवांच्या. राहिली भाची.

“आणि आता आपल्या महिला कलाकार,” एजंट म्हणाला. “आपल्या संस्कृतीप्रमाणे महिलेचा सत्कार महिलेच्याच हस्ते...” त्याने सोफ्यांवरून नजर फिरवली. सोफ्यांवर मिशाच मिशा. चेंबरमध्ये आजवर एकही बाई आलेली नाही. त्याने खाली पाहिलं आणि त्याला मी दिसले. “मॅडम! आपण यावं.”

मी उठतच होते. हातातली पर्स खुर्चीवर ठेवली होती, एवढंही झालं होतं. तेवढ्यात माझी नजर दादाच्या हातातल्या ताटाकडे गेली. आमच्याकडे भरल्या सभेत बाईच्या खांद्यावर शाल घालायची तर ती बाईने घालायची, नाहीतर तिच्या घरच्या पुरुषाने. बाप, भाऊ, नवरा. त्याला कोणी काही म्हणत नाही. आणि त्या स्टेजवर, ताट हातात घेऊन, तिचा बाप उभा होता.

मी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बसले.

“माझे गुडघे दुखतात,” मी म्हटलं. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही.

मागच्या रांगेतल्या बायांत ढकलाढकली सुरू झाली. “तू जाय ना.” “मी नाई बा, तू जाय.” “मले नाई जमत माइकजवळ.” माझ्या शेजारी अध्यक्षांची बायको बसली होती. ती पदर सावरून उठायला लागली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चांगला दाबला. “बसा हो वहिनी,” मी म्हटलं, “तुम्ही कशाला त्रास घेता.” तिच्या दोन्ही पोरांना मी शिकवलेलं आहे. ती बसली.

“कोणी भगिनी?” एजंट म्हणाला. “कोणी माता?”

कोणी नाही. त्याला शेरही सुचेना. त्या दिवसातली ही पहिली शांतता, जी कोणाला भरता आली नाही. भाची एका हातात व्हायोला, एका हातात गज घेऊन उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी काय करते आहे ते तिला कळलं होतं आणि तिला ते नको होतं. असं ओढून काढलेलं नको होतं तिला. मला मात्र ते कसंही निघालेलं चालणार होतं.

अध्यक्ष सोफ्यावरून हळूच म्हणाले, “सचिव, ठेवून द्या टेबलावर. घेतीन त्या.”

आणि दादा वाकला. खरंच वाकला तो, ताट ठेवायला. ताटाची कड टेबलाला लागलेली मी पाहिली. त्या क्षणी माझ्या सख्ख्या भावाइतका क्षुद्र माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल, असं मला वाटलं आणि तसं वाटल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

मग तो थांबला. ताटातली शाल उचलली.

“बाई कायले पाह्यजे?” तो म्हणाला. माइक नव्हता त्याच्यापुढे. दुकानात मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जावं म्हणून लावतो तो आवाज लावला होता. “माही पोरगी होय ते.”

एजंटच्या हातात माइक चालूच होता. “म्हणजे... बँकेतली?” तो म्हणाला, आणि ते सगळ्या कार्यालयाने ऐकलं.

“बँकेत नाई,” दादा म्हणाला. “हेच करते. वाजवते.”

शाल त्याने उलटी घातली. दुकानाची चिठ्ठी बाहेर लोंबत राहिली. नारळ द्यायला गेला तर घेणार कशात, पोरीचे दोन्ही हात अडकलेले. मग तो नारळ तसाच धरून उभा राहिला. फोटोवाल्याला कोणाचा काढायचा ते कळेना. भाचीने आधी खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. मग म्हणाली, “बाबा, नारळ असू दे तुमच्याकडेच. खाली जाऊन बसा. एक राहिलंय अजून.”

“इथंच बसतो ना.”

“तिथून माझी पाठ दिसते. समोर बसा.”

चेंबरच्या इतिहासात चालू कार्यक्रमात सोफा सोडून कोणी खाली उतरलेलं नाही. दादा नारळ घेऊन उतरला. अध्यक्षांच्या बायकोने सरकून जागा दिली आणि तो माझ्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या त्याला होत्या. एवढी वर्षं वाजवतेय ती, आणि टाळ्या कोणाला, तर ‘वाजवते’ म्हणणाऱ्याला. आमच्या गावाकडून यापेक्षा शहाणपणाची मी अपेक्षाही केली नव्हती. मी दादाकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांनी एक खरं वाक्य तोंडातून निघालं म्हणून त्याची आरती करायची होती की काय?

अध्यक्ष लग्न विसरले आणि बसून राहिले. एजंट माइक पाठीमागे लपवून खांबाशी उभा होता. शेवटची रचना पुण्यात राहणाऱ्या एका तरुण मुलाची होती, याच वर्षी लिहिलेली. तिच्यात वादक वाद्याच्या पोटावर तळवे मारतात, पाय आपटतात, आणि सूर एकमेकांच्या तोंडचा घास पळवल्यासारखे पळवतात. वेग असा की मंडपवाल्याने पक्कड पुन्हा खिशातून काढली. भाची वाजवता वाजवता हसत होती. पाठीवर शाल तशीच, चिठ्ठीसकट.

दादा माझ्याकडे झुकला. आता हा काहीतरी डोळ्यांत पाणी आणणारं बोलणार, म्हणून मी चेहरा कडक केला.

“मांगं बरं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“मांगून तिचं एकटीचंच आयकू येत होतं. डोये मिटले की दुसरं काईच नाई. पहिल्यापासून तेच आयकत होतो. इथं चौघं एक होऊन राह्यले. तिचं कोनतं ते समजून नाई राह्यलं.”

त्याला ऐकवायला माझ्याकडे पुष्कळ होतं, स्टेशनपासूनचं साठवलेलं. ते सगळं मी तसंच बाजूला ठेवलं.

“जाड आवाज तिचा,” मी म्हटलं. “मधला.”

दादाने नारळ मांडीवर घट्ट धरला आणि पुन्हा डोळे मिटले.